सर्जाला 'इट' म्हणायचं का?

शेंदूरजनाघाटात पोरांना इंग्रजी सर्वनामं शिकवायची म्हणजे पहिला तास हसण्यातच जातो. 'ही' म्हणजे तो, हे ऐकून अर्धा वर्ग चक्रावतो आणि 'शी' म्हटलं की मागच्या बाकावरचे नाक धरतात. त्यातून सावरून 'इट'पाशी आलो. माणसाला ही-शी, वस्तूला आणि जनावराला इट, असं फळ्यावर लिहिलं. पोळा नुकताच झालेला. एका पोराचा हात वर गेला.

"सर, आमच्या सर्जाले 'इट' काऊन म्हनाव? तो काय खुर्ची हाये का?"

आदल्या दिवशी खांद शेकून ज्याला जेवायचं आवतण दिलं, त्याला खुर्चीच्या रांगेत कसं बसवणार? मी नियम पुसला नाही, पण सगळ्यांना आपापल्या ओळखीच्या जनावरावर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या.

वह्या वाचताना मजा आली. पोरांनी मराठीतलं लिंग जसंच्या तसं इंग्रजीत नेलं होतं. मुंगी 'शी', कावळा 'ही'. पाल 'शी' आणि सरडा 'ही', म्हणजे दोघं नवरा-बायको, असंही एकाने ठरवून टाकलेलं. वासरू मात्र सर्रास 'इट', कारण आपल्याकडे ते 'ते'. लेकरूही 'ते'च की! आपलं नपुंसकलिंग मांडीवर घेण्याइतकं जवळचं असतं, इंग्रजीतलं 'इट' तसं नाही, हे पोरांना कुठून कळणार? रानडुकरालाही 'इट'. तिथे आपुलकीचा प्रश्नच नव्हता; जंभेरीवर डोळा बांधलेली संत्र्याची कलमं त्याने रातोरात उकरली होती. एका मुलीने तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलाबद्दल लिहिलं होतं: 'ही'ला चाकं आहेत, 'ही' काही खात नाही. मी त्यावर बरोबरची खूण केली.

इंग्रजीवाल्यांचंही यावर एकमत नाही. जेन गुडाल यांनी 1960 साली गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. त्यांना त्यांनी फ्लो, डेव्हिड ग्रेबिअर्ड अशी नावं दिली. पहिला शोधनिबंध छापायला पाठवला, तर संपादकाने ही-शी खोडून सगळीकडे 'इट' केलं. बाईंनी ते 'इट' खोडून पुन्हा ही-शी लिहिलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा नियम सुटसुटीत आहे: जनावराला नाव असेल किंवा नर-मादी ठाऊक असेल तर ही-शी, नाहीतर इट.

या नियमावर 2018 च्या दोन बातम्या वर्गात घेतल्या. यवतमाळ जिल्ह्यात 2 नोव्हेंबरच्या रात्री गोळी घातलेली वाघीण वनखात्याच्या लेखी टी-1, प्राणिप्रेमींची अवनी. दुसरा वाघ त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात दोन माणसं मारून मध्य प्रदेशात गेलेला; डिसेंबरात तो सारणीला पकडला. मराठीत एक 'ती', दुसरा 'तो', विषय संपला. इंग्रजीत काय लिहाल? अवनीला सगळ्यांनी 'शी' दिलं. दुसऱ्यावर वाद झाला. "त्याले नाव नाई, इटच लिहा," असा बहुतेकांचा कौल पडला. मारणाऱ्याला माणसाचं सर्वनाम द्यायला पोरं तयार नव्हती, असा माझा तर्क.

तेवढ्यात सर्जाचा मालक म्हणाला, "सर, सर्जाच्या कानात बिल्ला हाये, बारा आकड्याचा. मंग तो नंबर का नाव?" मी म्हटलं, बिल्ला सरकारचा, नाव तुमचं. लिही 'ही'.

पेपर तपासणाऱ्या गुरुजनांना एवढंच सांगणं आहे: पोराने घरच्या गाईला 'शी' लिहिलं, बैलाला 'ही' लिहिलं, तर गुण कापू नका. मुंगीला लिहिलं तर खुशाल कापा.