वावराची मालकी आणि कायद्याच्या प्रवेशाचा मुहूर्त

वऱ्हाडातल्या शेतकरी घरांत वकील होण्याची इच्छा बऱ्याचदा वावराच्या कागदांतून जन्माला येते. धुऱ्याचा वाद, अडवलेली पांदण, दोन पिढ्या वाटणी न झालेलं खातं, यांतलं काही ना काही घरात असतंच. मग ‘आपल्यातला एक तरी वकील पाहिजे’ असं ठरतं. मीही कायद्याकडे याच वाटेनं आलो, पण बारावी होताच नव्हे. आधी पदवी आणि नंतर तीन वर्षांचा एलएल. बी. असा तो क्रम होता. अमरावती-अकोल्याच्या महसुली कामात राहून माझं मत पक्कं झालं आहे की, ज्याला जिल्ह्यातच जमिनीची वकिली करायची आहे त्यानं पदवीनंतरचा प्रवेश धरावा आणि मधल्या वर्षांत घरचे, गावचे कागद वाचून काढावेत. इथली मालकी सरळ नाही. ती थराथरानं साचलेली आहे, आणि ते थर ज्यानं आधी पाहिले त्यालाच वर्गातला कायदा लागू पडतो.

इंग्लंडात जमिनीचा सर्वांत भक्कम हक्क म्हणजे फ्रीहोल्ड. तरी त्याचं मूळ सरंजामी असल्यामुळे तत्त्वतः तोही राजसत्तेकडून धारण केलेला असतो. वारस उरला नाही तर जमीन तिच्याकडे परत जाते. आपल्याकडेही फार वेगळं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे जी जमीन कोणाची नाही ती शासनाची, आणि कलम 34 प्रमाणे भोगवटादार मृत्युपत्र न करता, ज्ञात वारस न ठेवता वारला तर जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेतात. वऱ्हाडात या सामाईक पायावर आणखी थर चढले. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि शेतकरी थेट सरकारचा खातेदार झाला. नागपूरकडे मात्र मालगुजार गावाचे धनी राहिले. तरी वऱ्हाडही सरंजामीतून पूर्ण सुटलं नव्हतं. जहागिरीची, इनामाची, इजाऱ्याची गावं इथं होतीच. वऱ्हाड तेव्हा ज्यात होतं त्या मध्य प्रदेशचा 1950 चा मालकी हक्क निर्मूलन कायदा 31 मार्च 1951 पासून अमलात आला, तेव्हा त्यांचा शेवट झाला. पुढं 1954 च्या संहितेनं भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन वर्ग केले, 1958 मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र कूळ कायदा आला, आणि 1966 च्या संहितेत भूमिस्वामी भोगवटादार वर्ग 1 मध्ये, तर भूमिधारी वर्ग 2 मध्ये गेले.

हा इतिहास जुना झाला असं कोणी म्हणेल, पण सातबाऱ्यावर तो आजही जिवंत आहे. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. सीलिंगमधून वाटलेल्या जमिनीला हस्तांतराचं बंधन आहे, भूदानात मिळालेल्या जमिनीलाही आहे, आणि विदर्भातल्या भूदानाचा कायदा 1953 चा, म्हणजे मध्य प्रदेशच्या काळातला. अमरावती नि अकोला शहरांत नझुलाचे भाडेपट्टे आहेत. वर्ग 2 आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग 1 करण्यासाठी शासनाला 2019 मध्ये वेगळे नियम करावे लागले, यावरून हे थर किती जाड आहेत ते कळतं. शिवाय खुद्द सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, एवढंच. हक्काचा निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो. म्हणून वकिलाला फेरफार मागं मागं न्यावा लागतो: हे नाव कोणत्या वर्षी, कशाच्या आधारे चढलं? वारसानं, खरेदीखतानं, की बहिणींकडून घेतलेल्या हक्कसोडपत्रानं? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क दिला. हक्कसोडपत्राचा कागद हाती आला की त्यावरची सही कोणत्या परिस्थितीत झाली हेही तेव्हापासून अधिक बारकाईनं विचारावं लागतं.

हे सगळं कॉलेजात शिकवत नाहीत का? शिकवतात, पण जमीन कायदा हा कित्येक विषयांपैकी एक असतो आणि परीक्षेत कलमं विचारली जातात. पटवाऱ्याच्या दप्तरातला जुना फेरफार वाचणं, मोजणीचा नकाशा नि गटाची हद्द जुळवणं, आणेवारीतून कोणाच्या वाट्याला किती येतं ते काढणं, ही उठबस करून येणारी विद्या आहे. ती आधी आली तर कलम वाचताना समोर प्रकरण दिसतं. माझ्या अनुभवात दोन्ही वाटांनी आलेले लोक हुशार असतात. फरक पडतो तो प्रश्न ओळखण्यात. पक्षकार ‘शेजाऱ्यानं रस्ता अडवला’ म्हणून येतो. तिथं महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून नवा रस्ता मागायचा, की मामलेदार न्यायालय कायद्याखाली असलेल्या रस्त्यातला अडथळा काढायचा, हे ओळखण्यावर त्याचा पुढचा हंगाम अवलंबून असतो.

पहिला आक्षेप वेळेचा आहे. पण हिशोब पाहिला तर बारावीनंतरचा एकत्रित अभ्यासक्रम पाच वर्षांचा. पदवीची तीन आणि कायद्याची तीन मिळून सहा. फरक एका वर्षाचा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचं दार बारावीनंतरच उघडतं. ज्याला कंपन्यांचं किंवा उच्च न्यायालयातलं काम खुणावतं आणि तो खर्च झेपतो, त्यानं खुशाल तेव्हाच जावं. माझा सल्ला त्याच्यासाठी नाही. तिसरं म्हणणं असं, की घरात पैसा नसेल तर सहावं वर्ष जड जातं. हे खरं आहे. पण पदवीची वर्षं गावाजवळ राहून, शेती सांभाळून काढता येतात, आणि कायद्याचं शिक्षण पुढं नको वाटलं तर हातात पदवी उरते. बारावीत घेतलेला निर्णय तिसऱ्या वर्षी फसला तर तसा आधार सापडणं कठीण. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. नुसत्या वर्गातून आलेला माणूस न्यायदानाला पुरत नाही, हे न्यायालयानंच मान्य केलं; मग जमिनीच्या वकिलीत अनुभवाला आधी जागा दिली तर त्यात गैर काय?

मुदतींचं भानही अशा अनुभवातूनच येतं. तहसीलदाराच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील 60 दिवसांत करावं लागतं. खासगी जमिनीच्या ताब्याचा दावा 12 वर्षांत आणावा लागतो. वऱ्हाडात हक्क बुडतो तो बहुतेकदा कायदा वाईट म्हणून नव्हे. कागद कोणी वेळेत उघडला नाही म्हणून. अर्ज भरण्याची तारीख प्रवेश परीक्षेच्या वेळापत्रकात सापडेल, पण तो भरण्याची वेळ आली का, हे विचारताना माझी कसोटी साधी आहे. आपल्या घरच्या प्रत्येक गटाचा भोगवटादार वर्ग, शेवटचा फेरफार, त्याचा आधार आणि नोंद नसलेला वारस, एवढं ज्याला कोणाला न विचारता सांगता येतं, त्यानं अर्ज भरावा.