वाट सर्वांची : वेल्सच्या सागरकिनाऱ्यावर

विलायत म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. बाबासाहेबांनी त्या शहरात अर्धपोटी राहून विद्या मिळवली, ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या ज्या घरात ते राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. लंडनला जाणारा आपला माणूस तेथे जाऊन नतमस्तक होतो. आम्हीही झालो. परंतु लंडनहून रेल्वेने पश्चिमेकडे सुमारे पाच तास गेले की वेल्स देशाचे अगदी टोक येते. त्या टोकाच्या किनाऱ्यावर आम्ही तीन दिवस पायी फिरलो, आणि तेथे जे पाहिले ते वाचकांना सांगावेसे वाटते.

वेल्स हा ग्रेट ब्रिटनमधला छोटा देश. लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास. कोळसा, लोखंड आणि पाटीचा दगड यांच्या खाणींत राबणाऱ्या कामगारांचा हा मुलूख. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पेम्ब्रोकशायर हा परगणा आहे. तेथील किनारपट्टीला १९५२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आमची मुलगी कार्डिफला परिचारिका आहे. मे महिन्यात तिच्या सुट्टीत आम्ही हॅव्हरफर्डवेस्टपर्यंत रेल्वेने आणि तेथून पुढे मोटारीने पोर्थगेन या खेड्यात गेलो.

खेडे आणि त्याचा पब

पोर्थगेन म्हणजे दोन टेकड्यांच्या मध्ये एक चिंचोळे बंदर, मूठभर घरे, आणि बंदराच्या काठी 'स्लूप इन' नावाचा पब. पाटीवर साल आहे १७४३. गलबतांवरचे खलाशी आणि पुढे खाणीतले कामगार येथेच जेवायला, बसायला येत. भिंतींवर त्या काळाची छायाचित्रे लावलेली आहेत.

काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पंचशील घेणारी माणसे पबमध्ये कशाला गेली? पब हा 'पब्लिक हाऊस' या शब्दाचा संक्षेप आहे, म्हणजे सार्वजनिक घर. तेथे दारू मिळते हे खरेच. पण गावात गरम जेवण मिळण्याचे, पावसात आसरा घेण्याचे, वाट विचारण्याचे ठिकाणही तेच असते. लहान मुले आईबापांबरोबर येऊन जेवतात. आम्ही चहा मागितला, चहा मिळाला. दारूला हात न लावणारे आम्हीच एकटे होतो असेही नाही. शेजारच्या मेजावर एक आजोबा नातवंडांसह लिंबूपाणी पीत बसले होते.

दारूने कामगाराचे घर कसे बुडते हे वेल्सच्या माणसालाही ठाऊक होते. तेथे दारूबंदीची मोठी चळवळ झाली. १८८१ साली खास वेल्ससाठी कायदा होऊन दर रविवारी पब बंद ठेवले गेले. १९६१ नंतर प्रत्येक भागाने मतदानाने आपापला निर्णय घ्यायचा ठरले, आणि शेवटच्या भागातला रविवार १९९६ मध्ये उघडला. वेल्सचा लाडका संत डेव्हिड, वेल्श भाषेत देवी, हा तर 'पाणी पिणारा' म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या मठात बैल न जुंपता भिक्षूच नांगर ओढीत, असे त्याचे जुने चरित्र सांगते. त्याच्या नावाचे सेंट डेव्हिड्स हे गाव पोर्थगेनपासून जवळच आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, पण मोठ्या चर्चमुळे १९९५ पासून त्याला शहराचा दर्जा आहे. ब्रिटनमधले ते सर्वांत लहान शहर.

कामगारांच्या खुणा

बंदरावर विटांची एक उंचच उंच काळपट तांबूस भिंत उभी आहे. प्रथमदर्शनी किल्लाच वाटतो. प्रत्यक्षात ती फोडलेली खडी साठवण्याची कोठारे आहेत. वरच्या टेकडीवरून दगड यायचा, यंत्रावर फुटायचा, या कोठारांत आकारानुसार साठायचा आणि खाली लागलेल्या जहाजांत ओतला जायचा. दूरदूरच्या शहरांचे रस्ते या खडीने बांधले गेले. त्याआधी येथे पाटीचा दगड निघे. त्याच्या चुऱ्यापासून विटाही भाजल्या जात. १९३१ साली काम थांबले आणि गाव ओस पडू लागले.

खडी फोडणारे हात आपल्याकडेही कमी नाहीत. भर उन्हात रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या आया-बहिणी आपण पाहिल्या आहेत. त्यांचे नाव कोणत्याही रस्त्यावर लिहिलेले नसते. येथे निदान त्या श्रमाच्या खुणा सरकारने जपून ठेवल्या आहेत. राजवाडा जपावा तशी खडीची कोठारे जपली आहेत, हे पाहून आम्हाला समाधान वाटले.

पोर्थगेनहून पश्चिमेला कड्यावरून दोन मैल चालले की अबेरेद्दी येते. तेथे खाणीचा खोल खड्डा आहे. खाण बंद पडल्यावर मच्छीमारांनी मधला खडक फोडून समुद्र आत घेतला. आज तेथे निळेशार पाणी साचले आहे आणि लोक त्याला 'निळे सरोवर' म्हणतात. जवळच खाणकामगारांच्या पडक्या घरांची रांग आहे. छपरे गेली, चुली तेवढ्या ओळखू येतात. किनाऱ्यावरची वाळू पाटीच्या चुऱ्याने काळी दिसते, आणि तिथल्या दगडांच्या चिपांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांचे ठसे सापडतात.

वाटेवर गुलाबी फुलांचे ताटवे होते, काटेरी झुडपांवर पिवळा बहर होता. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या. लाल चोचीचे, लाल पायांचे कावळे वाऱ्यावर गिरक्या घेत होते. वारा मात्र असा की डोक्यावरची टोपी हातातच धरावी लागते.

फाटक माणसासाठी

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही वाट गावाच्या गायरानातून जात नाही. बहुतेक ठिकाणी ती खासगी शेतातून जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याच्या गाई. आम्ही पहिल्या कुंपणाशी अडखळून उभे राहिलो. परक्याच्या रानात कसे शिरावे? मुलीने खांबावरची पाटी दाखवली. तीवर वेल्श भाषेत लिहिले होते 'ल्हुइबर कहॉयधिस'. त्याचा अर्थ सार्वजनिक पाऊलवाट. जमीन शेतकऱ्याची, पण त्या पट्टीवरून चालण्याचा हक्क प्रत्येकाचा. जात, धर्म, देश कोणी विचारायचे नाही. मालकाने वाट अडवली तर ती मोकळी करून देणे हे स्थानिक कौन्सिलचे कर्तव्य आहे.

कुंपणाला एक गमतीचे फाटक असते. अर्धगोल कठड्यात झुलणारी एक झडप. माणूस एका बाजूने आत शिरतो, झडप ढकलतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. गाई-म्हशींना ते जमत नाही. फाटक जनावराला अडवते आणि माणसाला सोडते.

आमच्या मनात चटकन महाड आले. चवदार तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत होती आणि माणसाला बंदी होती. तिथले अदृश्य फाटक जनावराला सोडत होते आणि माणसाला अडवत होते. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने मंजूर केला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला मात्र १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

विलायतेतल्या वाटाही कोणी दान म्हणून दिल्या नाहीत. इंग्लंडमधले डोंगर आणि माळ जमीनदारांनी शिकारीसाठी बंद करून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या डोंगरावर बंदी मोडून चढले. पुढारी होता बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा ज्यू तरुण. पाच जणांना तुरुंगवास झाला. लोकमत मात्र पेटले. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात जाण्याच्या हक्काचा कायदा आला. प्रत्येक सार्वजनिक वाट नकाशावर नोंदवणे बंधनकारक झाले. वीस वर्षे लोक उघडपणे, विनापरवानगी, विनाअडथळा चालत आले असतील, तर ती वाट सार्वजनिक मानण्याचीही तरतूद तेथील कायद्यात आहे.

पेम्ब्रोकशायरच्या या किनारी वाटेला १९५३ साली मंजुरी मिळाली. जमीनमालकांशी एकेक तुकड्यासाठी बोलणी करावी लागली. वाट खुली झाली ती १९७० साली, म्हणजे सतरा वर्षांनी. लांबी १८६ मैल. २०१२ साली वेल्सचा सबंध किनारा अशा वाटेने जोडला गेला, ८७० मैल.

एक खरे तेही सांगितले पाहिजे. 'सार्वजनिक घर' म्हणवणाऱ्या पबांचे दारही ब्रिटनमध्ये सर्वांना सारखे उघडे नव्हते. काळ्या आणि आशियाई माणसांना कित्येक ठिकाणी आत घेत नसत. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने सार्वजनिक ठिकाणच्या या भेदभावाला बंदी केली. आम्ही ज्या खुर्चीवर निवांत बसून चहा प्यालो, ती खुर्चीही कोणाच्या तरी लढ्यातून आलेली आहे.

भाषा आणि भाकरी

वेल्सच्या लोकांची आपली वेगळी भाषा आहे. एके काळी शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवून त्याची नाचक्की करीत. आज रस्त्यावरची प्रत्येक पाटी दोन्ही भाषांत आहे, आणि २०२१ च्या जनगणनेत पाच लाख अडतीस हजार लोकांनी आपण वेल्श बोलतो अशी नोंद केली. गळ्यात अडकवलेल्या वस्तूचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

पोर्थगेनच्या पूर्वेला ट्रेव्हिन गावाजवळ १९१८ साली बंद पडलेल्या पाणचक्कीचे अवशेष आहेत. दोन दगडी जाती तशीच पडून आहेत. त्या चक्कीवर क्रूइस नावाच्या कवीने लिहिलेली कविता वेल्समध्ये घरोघरी माहीत आहे. जात्यावर भीमाच्या ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्या आम्हाला तेथे आठवल्या.

जेवण साधे. मेंढीचे मटण, बटाटे आणि लीक नावाची कांद्याच्या पातीसारखी भाजी घालून केलेला 'काऊल' हा रस्सा पावासोबत खातात. गरिबाघरचे हे जेवण आपल्या जिभेला मिळमिळीत लागते, पण चालून दमल्यावर गोड लागते. मनुका घातलेल्या तव्यावरच्या छोट्या टिकिया मुलांना फार आवडतील.

आपल्या वाटा

प्रत्येक वाचकाला वेल्सला जाणे जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या गावात वस्तीकडे येणारी वाट अडवली, स्मशानाकडे नेणारी वाट बंद केली, प्रेत घेऊन ताटकळत उभे राहावे लागले, अशा बातम्या आजही येतात. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते ही नावे एकेक करून लिहिलेली आहेत. पाण्याचा हक्क आणि वाटेचा हक्क तेथे शेजारी शेजारी बसले आहेत.

तेव्हा तरुणांनी एवढे करावे. आपल्या गावाचा गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आणावा आणि त्यावर कोणत्या पाऊलवाटा, गाडीवाटा दाखवल्या आहेत ते वस्तीत सर्वांना वाचून दाखवावे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लक्षात ठेवावी.

आणि मुलाबाळांना घेऊन चालावे. महाडला चवदार तळ्याला वंदन करून जवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी चढावीत. भिक्खूसंघ 'चरथ भिक्खवे' हे तथागतांचे वचन घेऊन गावोगाव पायीच फिरला होता. जी वाट माणसे चालत नाहीत, ती हळूहळू कोणाच्या तरी कुंपणात जाते.

जयभीम!