मान्य केले

सर्व्हेअरचा अहवाल इंग्रजीत होता, साडेतीन पानांचा. त्यातलं एकच वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. मराठीत सांगायचं तर, ‘विमेदाराने सदर ठिकाणी पूर्वीपासून गळती असल्याचे मान्य केले.’ मान्य केले! हा शब्द चोरी पकडलेल्या माणसासाठी वापरतात. मी चोवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. उताऱ्यातलं अर्धं वाक्य उचलून मुलाने उत्तर लिहिलं, तर मी त्याचे गुण कापते. इथे माझंच अर्धं वाक्य उचललं गेलं, आणि कापले गेले ते माझेच पैसे.

आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहतो. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, घर सगळ्यात वर. २०१६ मध्ये कर्ज काढून घेतलं. वरच्या मजल्यावरचं घर थोडं स्वस्त मिळतं, ते का, हे पहिल्या पावसात कळतं. २०१९ च्या पावसात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आली. दिवाळीनंतर सगळ्यांनी वर्गणी काढून गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करून घेतला आणि पुढच्या फेब्रुवारीत पत्र्याची शेड उभारली. आमच्या भागात हे नवीन नाही. गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला जीवदानीचा डोंगर आणि बाकी तिन्ही बाजूंना निळे-हिरवे पत्रेच पत्रे.

१७ मे २०२१, सोमवार. तौक्ते वादळ समुद्रातून गुजरातकडे चाललं होतं, किनाऱ्यावर आपटलं ते रात्री, तिकडेच. पण जाता जाता त्याने मुंबईपासून डहाणूपर्यंत सगळं झोडपलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेल्याची नोंद आहे, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. तोही मे महिन्यात. दुपारी आमच्या शेडचा कडेचा एक पत्रा सुटला आणि फडाफडा आपटायला लागला. त्या फटीतून वारा आत शिरला, आणि वारा खालून शिरला की शेड उचलली जाते. समुद्राकडची खांबांची अख्खी रांग उखडली. खांबांच्या पट्ट्यांचे बोल्ट कोब्यातून थेट स्लॅबमध्ये ठोकलेले होते, ते निघताना कोब्याचे तुकडे घेऊनच निघाले. एक लोखंडी अँगल आडवा पडला, त्याने उरलेल्या कोब्याला हातभर लांब तडा दिला. वर रात्रभर पाऊस.

संध्याकाळी आतल्या खोलीत थेंब पडू लागले म्हणून आम्ही गाद्या हॉलमध्ये आणल्या. पहाटे आत मोठा आवाज झाला. वीज नव्हतीच, ती तिसऱ्या दिवशी आली. मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर पलंगावर छताचं प्लास्टर पडलेलं, वर गंजक्या सळया उघड्या. लेक रोज ज्या बाजूला झोपते, त्याच बाजूला.

आपला विमा आहे ही आठवण मलाच आली. कर्जाबरोबर बँकेने घराची दीर्घ मुदतीची पॉलिसी गळ्यात मारली होती, हप्ता कर्जातच धरला होता. कपाटातून ती काढली तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा उघडली. तेव्हा कळलं की विम्याची रक्कम घराच्या किमतीवर नसते, बांधकामाच्या खर्चावर असते, म्हणजे चौरस फूट गुणिले बांधकामाचा दर. जागेची किंमत त्यात येत नाही, कारण वादळात जागा वाहून जात नाही. हे पटण्यासारखं आहे. वादळ, पूर हे त्यात होतं. घरातलं सामान नव्हतं, म्हणजे गादी आणि कपाट आमचं आम्हीच बघायचं. त्याच वर्षी १ एप्रिलपासून नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देणं सक्तीचं केलं होतं. तिच्यात इमारतीच्या विम्याच्या वीस टक्क्यांपर्यंत सामान आपोआप धरलं जातं, कमाल दहा लाख. आमची जुनी. वादळ आलं ते नवी पॉलिसी सुरू झाल्यावर साडेसहा आठवड्यांनी.

कंपनीला फोन केला, दाव्याचा नंबर मिळाला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बहात्तर तासांत सर्व्हेअर नेमायला हवा होता. आमच्याकडे नवव्या दिवशी फोन आला. करोनाचे निर्बंध होते, लोकल अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती होती, म्हणून पाहणी व्हिडिओ कॉलवर. सर्व्हेअर बोलायला अगदी सभ्य. “मॅडम, घाबरू नका, फक्त दाखवत जा.” मी स्टुलावर उभी, हे खाली स्टूल धरून, लेकीच्या हातात बॅटरी.

“कॅमेरा वर घ्या. डावीकडे. आणखी. थांबा. तो पिवळा डाग कसला?”

तो डाग तुळईच्या कोपऱ्यात होता. प्लास्टर पडलं त्या जागेपासून चांगला चार फूट लांब. ह्यांनी खालून माझ्या पायाला हात लावला. मला कळलं, पण मी खोटं का बोलू? म्हटलं, “तो जुना आहे सर. २०१९ च्या पावसात तिथून ओल आली होती. मग आम्ही वरून सगळा कोबा नवीन केला, पत्रे टाकले. मागच्या पावसाळ्यात एक थेंब आला नाही. हे आत्ता वादळात शेड उखडली म्हणून झालंय.”

“बरं, बरं,” ते म्हणाले. “आता गच्ची दाखवा.”

गच्चीवर मी त्यांना बोल्ट उपटलेली भोकं दाखवली. एकूण अकरा होती. प्रत्येक भोकाशी खाली वाकून फोन धरला. तडा दाखवला, पडलेला अँगल दाखवला. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर आमचा एक पत्रा जाऊन अडकला होता, तोही दाखवला. पंचवीस मिनिटं कॉल चालला. अहवालात अकरा भोकांपैकी एकाचाही उल्लेख नाही. ‘गच्चीवरील तात्पुरत्या शेडचे नुकसान’ एवढंच. आणि माझ्या पाच वाक्यांतली पहिली दोन. कोबा नवीन केला हे गेलं. थेंब आला नाही हे गेलं. वादळात शेड उखडली हेही गेलं. उरलं ते ‘मान्य केले’.

त्यावरून दावा नाकारल्याचं पत्र आलं. कारणं दोन. एक, नुकसान देखभालीच्या अभावामुळे आणि हळूहळू झालेल्या झिजेमुळे, जे विम्यात बसत नाही. दुसरं, गच्ची सोसायटीची, तुमची नव्हे.

दुसऱ्या कारणावर मी सेक्रेटरींकडे गेले. सोसायटीची पॉलिसी होती, पण आग आणि भूकंप एवढीच. वादळ-पुराचा भाग हप्ता कमी व्हावा म्हणून वगळलेला. त्यांना दोष देता येईना, कारण आदर्श उपविधींत आग आणि भूकंप यांचाच विमा बंधनकारक आहे. माझं मत स्पष्ट आहे, हे चूक आहे. वसई-विरारसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात इमारतीला आगीइतकीच भीती वाऱ्या-पावसाची. आदल्याच वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं, आणि वगळणीचा हा निर्णय त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. मीही त्या सभेला होते. मीही हात वर केला होता. दर घरामागे वर्षाला काही शे रुपये वाचणार होते.

त्याच उपविधींत आणखी एक कलम आहे, ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने वाचून ठेवावं. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि प्लास्टर खराब झालं, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. सेक्रेटरींनी ते मान्य केलं (हा शब्द इथे शोभतो). पण करोनात निम्म्या घरांची मासिक वर्गणी थकलेली. नवीन पत्रे आणि कोब्याचं ठिगळ यातच सोसायटीचा निधी संपला. प्लास्टर आणि वायरिंग आम्ही केलं, एक लाख बारा हजार.

माझं माहेर देवगडचं. तिथे दर वर्षी मिरगाच्या आधी घर शाकारतात. बाबा शिडीवर, आम्ही मुलं खाली, फुटकी कौलं काढायची, नवी द्यायची. तौक्तेने आदल्या दिवशी तिकडेही आमच्या मांगराची निम्मी कौलं नेली. तलाठ्याने येऊन पंचनामा केला, भावाला पुढे सरकारची थोडी मदतही आली. गेल्या साली कौलं बदलली होती असं भावाने सांगितलं, तर तलाठी म्हणाला, बरं केलंत. छताची देखभाल केली याचा अर्थ छत आधीपासून वाईट होतं, असा कुणी काढला नाही.

कंपनीच्या तक्रार विभागाने तेच पत्र पुन्हा पाठवलं. मग विमा लोकपालांकडे गेले. याला फी नाही आणि वकील लावता येत नाही, स्वतःच बोलायचं. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मी सगळा राग अर्जात ओतला, सहा पानं. ह्यांनी वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “कोब्याचं बिल कुठाय?” सोसायटीच्या जुन्या फाइलमध्ये सापडलं. ठेकेदाराच्या हस्ताक्षरातलं, तारीख डिसेंबर २०१९, खाली शिक्का. तो एक कागद माझ्या सहा पानांवर भारी पडला.

सुनावणी व्हिडिओवरच झाली. कंपनीच्या प्रतिनिधीने ते वाक्य वाचून दाखवलं. मी बिल दाखवलं आणि म्हटलं, मी गळती मान्य केली तशी दुरुस्तीही सांगितली होती. देखभाल झाली नव्हती असं नव्हे, देखभाल झाली होती, याचा पुरावा म्हणून तो डाग बघा. विमा हा परम सद्भावाचा करार, दोन्ही बाजूंनी काही लपवायचं नाही, असं पॉलिसीच्या पुस्तिकेतच लिहिलंय. मी नाही लपवलं.

तेव्हा प्रतिनिधी म्हणाले, पाहणीनंतर सर्व्हेअरने मेल करून पूर्वीच्या दुरुस्तीचं बिल मागितलं होतं, ते आलं नाही.

मी त्या रात्री मेल शोधला. होता. कॉलच्या दुसऱ्या दिवशीचा. सात कागदांची यादी, सातवा तोच. मी सहा पाठवले होते. सातवा ‘शोधून पाठवते’ असं मनात म्हटलं असणार, आणि त्या दिवसांत राहून गेलं. म्हणजे त्या माणसाने माझं वाक्य ऐकलं होतं, आणि पुराव्याची वाट पाहून मगच सोडून दिलं होतं. हे कळल्यावर राग उतरायला हवा होता. थोडा उतरलाही. पण पुरावा नाही तर ‘विमेदाराचे म्हणणे असे, पुरावा मिळाला नाही’ असं लिहिता आलं असतं की. तेवढंच माझं म्हणणं आहे, आजही.

निर्णय अंशतः माझ्या बाजूने लागला. वादळ हे निकटचं कारण धरलं. घरातलं प्लास्टर आणि वायरिंग मान्य, गच्ची अमान्य, वर घसारा वजा. अडतीस हजार पाचशे. ते पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत. पॉलिसीवर बँकेचं नाव आधी होतं, म्हणून ते सरळ कर्जखात्यात जमा झाले. हप्ता एक रुपयाने कमी झाला नाही, शेवटचे काही महिने कमी झाले म्हणे.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथेच विरार पूर्वेला, विजयनगरात रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळली. १७ माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मला माझ्या प्लास्टरबद्दल बोलायची लाज वाटत होती. पण त्याच दिवसांत समोरच्या घरातल्या वहिनी आल्या. त्यांच्याही छताला पोपडे धरलेले, आणि त्यांनी नुकतीच ‘भारत गृह रक्षा’ घेतलेली. “काही झालं तर तो माणूस जुन्या डागांचं विचारेल ना? काय सांगायचं हो?”

मी म्हटलं, विचारेल तेवढंच बोला.

त्या गेल्यावर हे काही बोलले नाहीत. मी पेपर तपासायला घेतले, पण दोन ओळींपुढे सरकेना. मग उठले, त्यांची बेल वाजवली आणि म्हटलं, सगळं सांगा, पण आधी दुरुस्ती करून घ्या आणि बिल मला दाखवा. त्या म्हणाल्या, “पैसे कुठायत वहिनी?”

आम्ही दोघी मग गच्चीवर गेलो. नव्या शेडचे बोल्ट मी दर मे महिन्यात तपासते, फोटो काढून ठेवते. एका खांबाशी कोबा पुन्हा पोकळ वाजत होता. वहिनींच्या घरावर येतो तो भाग.