रबराला खोबरेल

मनगटाच्या रबराला आईनं खोबरेल लावलं ते चांगल्या मनानं. लेस्टरमधली खोली सोडून मी काही महिन्यांसाठी परतूरला आलो होतो. सामानासोबत डायव्हिंगचा ड्रायसूटही आला आणि माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटात गेला. मे महिन्यात आमच्याकडं पारा 42 अंशांवर जातो, पत्र्याखाली तर हात लावायची सोय नसते. कपाट आवरताना आईला ते रबर सुरकुतलेलं, कोरडं दिसलं. "पार वाळून चाललं होतं रं. म्हणलं, तेलाचा हात फिरवावा," असं तिनं मला नंतर सांगितलं.

मी सूट बाहेर काढला तेव्हा दोन्ही मनगटांच्या पट्ट्या फुगल्या होत्या, कडा लाटेसारख्या झाल्या होत्या. अंगठ्यानं दाबलं तर ठसा राहायचा आणि बोटाला काळं लागायचं. जरा ताणली तर एक पट्टी भिजलेल्या कागदासारखी फाटली. गळ्याच्या पट्टीपर्यंत आईचा हात पोचला नव्हता, ती तेवढी वाचली.

ही पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडं तारकर्लीला समुद्र ऊबदार असतो, तिथं ड्रायसूट लागत नाही. मी शिकलो ते लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्हला. जुनी दगडाची खाण, पाणी भरून तिचं तळं झालेलं. हिवाळ्यात तिथलं पाणी 5-6 अंशांवर येतं आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून अंगावर पूर्ण कोरडा सूट, आत लोकरीसारखे गरम कपडे, पायाला जोडलेले बूट. उघडे राहतात ते डोकं आणि हात. गळ्याला आणि मनगटांना लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, निमुळती पट्टी असते. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये कागदापेक्षा थोडी जाड अशी ती एवढीच भिंत.

ती भिंत हलली की काय होतं ते मी अनुभवलंय. पहिल्या हिवाळ्यात एकदा टॉर्च घट्ट धरून मी उतरत होतो. मूठ आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूला दोन शिरा दोरीसारख्या वर येतात, त्यांच्यामध्ये खाच पडते. त्या खाचेतून गार पाण्याचा एक धागा आत सरकला, कोपरापर्यंत गेला. मूठ सैल केली की थांबायचा, आवळली की पुन्हा यायचा. वर आलो तेव्हा बाही पिळून पाणी निघालं आणि करंगळीला जाण नव्हती. तेव्हापासून पट्टी घातल्यावर मी मूठ आवळून-सोडून बघतो, टॉर्च सैल हातात धरतो.

फाटलेली पट्टी घेऊन मी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो. लहानपणी विहिरीत पोहायला जाताना ट्रॅक्टरची ट्यूब आम्ही त्यांच्याकडूनच भरून न्यायचो. त्यांनी पट्टी बोटांमध्ये चोळली, वास घेतला. "तेल लागलंय. बेटा, तेल रबराला खातं," म्हणाले, आणि मागं सावलीत ठेवलेला पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत नव्या ट्यूबा, सगळ्यांवर पांढरी भुकटी. भुकटीमुळं रबर रबराला चिकटत नाही, टायरमध्ये घासत नाही. सूटचं काम शिकवणाऱ्यांनी मला इंग्रजीत जे सांगितलं होतं तेच हे. तेल रबराच्या साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांना फुगवतं, ढिलं करतं. खोबरेल, व्हॅसलीन, सनस्क्रीन, सगळ्यांचं काम सारखंच.

लेटेक्सला हवी ती साधी, बिनवासाची टाल्कम. बाळाची सुगंधी पावडर नको, त्या सुगंधातही तेल असतं. हात घालताना पट्टीच्या आत आणि मनगटावर चिमूटभर पसरायची. पावडर नसेल तर पातळ साबणाचं पाणी चालतं. सिलिकॉनचा फवारा घालायला सोपा वाटतो, पण पट्टी बदलायची वेळ आली की त्या जागी नवी नीट चिकटत नाही. मी तो वापरत नाही.

डायव्ह झाल्यावर पट्ट्या आत-बाहेर गोड्या पाण्यानं धुवायच्या, कारण घाम आणि अंगाचं तेलही त्यांना लागतंच. सावलीत वाळवायच्या, पावडर मारायची. ऊन, उष्णता आणि विजेच्या मोटारीजवळची हवा रबराला चिरा पाडते, म्हणून कूलरच्या शेजारी सूट ठेवू नये. सूटच्या पितळी चेनच्या दात्यांना बाहेरून मेण, तेही रबरापासून लांब. माझा सूट बिघडला तो आधी पत्र्याखाली, तेल त्यानंतर आलं. ती चूक माझी होती.

आईला मी हे बांगड्यांवरून सांगितलं. कासार हात कसा करायला लावतो? अंगठा आत, बोटं जवळ, आणि साबणाचं पाणी. पट्टीही तशीच भरायची: नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, ओढायचं ते बोटांच्या पोटांनी, नखांनी नाही. तिनं स्वतःचा हात तसा करून बघितला आणि म्हणाली, "हे आधी सांगायचं होतंस."

खरंच आधी सांगायला हवं होतं. लेस्टरला परत गेल्यावर दोन्ही मनगटांना नव्या पट्ट्या बसवून घेतल्या. तुमच्या घरी कुणाचा असा सूट येणार असेल तर तो घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा, जवळ पावडरचा डबा ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा की या रबराला तेल लावायचं नाही.