दार क्रमांक ८८८

बंदर म्हटलें कीं आम्हां भिवंडीकडील लोकांस खाडी आठवते. परंतु इंग्रजी ‘पोर्ट’ या शब्दाचा दुसराच अर्थ आमच्या मुलांच्या तोंडीं अलीकडे अधिक असतो. संगणकाचा प्रोसेसर ज्या क्रमांकित दारांतून उपकरणांशीं बोलतो तींहि पोर्टच. इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरास अशीं ६५,५३६ दारें असतात. जुन्या संगणकांत प्रिंटरचें दार बहुधा ८८८ क्रमांकाचें असे, आणि ४९६ पासूनचीं आठ दारें हार्डडिस्कचीं.

अंजूर येथें आमच्या घरीं असाच एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स चालतें, व सुटींत चार-पांच मुलें त्याभोंवतीं जमतात. प्रिंटरच्या दारास आम्हीं आठ लहान दिवे, प्रत्येकास एक रेझिस्टर लावून, जोडले आहेत. १ लिहिला कीं पहिला दिवा लागावा, २५५ लिहिले कीं आठहि. एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत तसा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवितांच बंद पडला. “सर, यंत्र आपलें, दिवे आपले, मग परवानगी कोणाची?” असें त्यानें विचारलें, आणि वर, “वसईच्या मोहिमेंत अंजूरकर नाइकांनीं कोणाची परवानगी घेतली होती?” असा टोलाहि दिला. आम्हीं म्हटलें, “बाळ, १७३९ सालीं किल्ल्यांत शत्रु होता, या डिस्कवर तुझ्या बहिणीचा सारा अभ्यास आहे.”

उत्तर थट्टेचें, पण मुद्दा खरा. पूर्वीच्या डॉसमध्यें कोणताहि प्रोग्रॅम कोणत्याहि दारास हात घालीत असे. ८८८ च्या जागीं ४९६ पडला तर तो आंकडा दिव्यांस न जातां डिस्ककडे जाई. युनिक्सच्या वळणाच्या व्यवस्थेंत एका यंत्रावर अनेकांचें काम असतें. म्हणून तिचा गाभा जो कर्नल (पलटणींतला नव्हे), तो दारांचा तक्ता ठेवतो. सगळ्या दारांस मिळून ८,१९२ बाइट पुरतात, कारण दारामागें एकच बिट: १ असेल तर बंद, शून्य असेल तर उघडें. हा तक्ता पाहून प्रोसेसरच प्रोग्रॅमास अडवितो.

दार उघडण्याची विनंति ‘आयओपर्म’ या आज्ञेनें करावयाची: कोणत्या दारापासून, किती दारें, आणि उघडावीं कीं मिटावीं. तो अधिकार सामान्यतः रूट या मुख्य वापरकर्त्याचा. आम्हांस विशेष आवडतें तें पुढचें. परवानगी मिळतांच प्रोग्रॅमानें रूटचा अधिकार सोडून द्यावा. मागितलेलें दार उघडेंच राहतें, बाकीचीं बंद. ‘आयओपीएल’ ही दुसरी आज्ञा सारींच दारें एकदम उघडूं शकते. २०२० सालीं ५.५ वी आवृत्ति येईपर्यंत तर तिच्या जोरावर उपकरणांच्या हांकाहि प्रोसेसरास ऐकूं येऊं न देणें शक्य होतें. ती आम्हीं शिकविली नाहीं. मुलें शोधून काढतीलच. प्रिंटरच्या दारापुरती ‘पारपोर्ट’ नांवाची फाइलहि असते. तिच्या द्वारें कर्नलच आपल्या वतीनें दार वाजवितो. शहाणपणाचा मार्ग तो, पण त्यांत मुलांस मजा वाटत नाहीं.

शेवटीं त्या विद्यार्थ्यानें ८८८ हें एकच दार मागितलें आणि आठहि दिवे लागले. मग मुद्दाम शेजारच्या ८८९ वर आंकडा लिहून पाहिला. प्रोग्रॅम तेथेंच थांबला. दिवे मात्र आधींच्या आंकड्याप्रमाणें लागलेलेच राहिले.