पेनीवरची कोंबडी

आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या आमच्या शेजारच्या आजी गेल्या. दुकानात अंडी देऊन चहा-साखर आणलेलं माझ्या ओळखीत आता कुणी उरलं नाही.

आयरिश मुक्त राज्याने १९२८ मध्ये आपली पहिली नाणी काढली. निवड समितीचे अध्यक्ष होते कवी येट्स. शिलिंगवर बैल, अर्ध्या पेनीवर डुकरीण आणि तिची पिल्लं, पेनीवर पिल्लांची कोंबडी. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन सुरू झालं आणि कोंबडी गेली. मला तिचं फार वाईट वाटतं, कारण घरातली ती बाईची कमाई. डुक्कर विकलं की खंड भागायचा, पण रोजची चूल चालायची अंड्यांवर. आजींच्या आईच्या हाती ती पेनीही क्वचितच पडे. अंडी मोजून दिली की दुकानदार वहीत तेवढी उधारी कमी करी. अंड्यांचा भाव तोच ठरवी, चहाचाही तोच. काही घरांची उधारी पिढ्यान् पिढ्या फिटली नाही. त्या वहीसाठी मला हळहळ नाही.

हळहळ आहे ती जनावरांच्या बाजाराची. पहाटे अंधारात गुरं हाकत माणसं निघत आणि गावचा मुख्य रस्ताच बाजार होई. सौदा अडला की तिसराच कुणी मध्ये पडे, दोघांचे हात ओढून एकमेकांत देई, ‘फरक अर्धा-अर्धा वाटून घ्या’ म्हणे. तळहातावर थुंकून टाळी दिली की शब्द पक्का. मग पैसे घेतल्यावर विकणाराच त्यातले थोडे घेणाऱ्याला परत देई. ती ‘लक पेनी’, जनावर लाभावं म्हणून. मिळालेल्या पैशातून हाताने काढून देणं! आजी हे सांगताना मूठ उघडून दाखवत.

उत्तरेकडे लेटरकेनीला, स्ट्रबेनला मे आणि नोव्हेंबरमध्ये पोरांचाही बाजार भरे. शेतकरी दंड चाचपून सहा महिन्यांसाठी गडी ठरवत. काही पोरं अजून शाळेच्या वयाची असत. ती प्रथा मेली, बरं झालं.

१९५०च्या दशकात जनावरांसाठी सहकारी ‘मार्ट’ निघाले. तिथे वजनकाटा, कठडा, लिलाव पुकारणारा, आणि नंतर हाती चेक. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक गावांतले रस्त्यांवरचे बाजार उठले. आजींचा भाऊ मार्टमध्ये गाय विकून येई. पैसे चोख मिळत, कुणी फसवत नसे. पण गाय कुणाच्या दावणीला गेली, असं आजींनी विचारलं तर त्याला सांगता येत नसे.