खुंटाळे

खुंटाळे हा शब्द आता आमच्या शाळेतल्या मुलांना कळत नाही. हुक कळतो, हँगर कळतो, स्टँड कळतो. खुंटी त्यांना भेटते ती 'अब्रू खुंटीला टांगणे' किंवा 'खुंटी हलवून बळकट करणे' अशा पाठ्यपुस्तकी वाक्प्रचारांतून, आणि वाक्यात उपयोगही ती बिनचूक करून दाखवतात. पण प्रत्यक्ष खुंटीला सदरा अडकवलेली मुले वर्गात दोन-तीन निघाली तर पुष्कळ झाले. एका फळीत ओळीने खुंट्या बसवायच्या आणि ती फळी भिंतीला पक्की करायची, की झाले खुंटाळे. कोट, सदरे, टोप्या, छत्र्या, पिशव्या, सगळ्यांची सोय.

शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी सोप्यात शिरल्याबरोबर उजव्या हाताला असे खुंटाळे होते. दाराजवळची पहिली खुंटी वडिलांची. तिच्यावर काळा कोट आणि काळी टोपी. टोपी खुंटीवर असली की वडील घरात आहेत, म्हणून आवाज खाली. टोपी नसली की आम्ही भावंडे मोकळी. घरातल्या हजेरीपत्रकाचे काम ते खुंटाळे करीत असे. मधल्या खुंट्या वयाच्या क्रमाने काकांच्या, मग आम्हा मुलांची मिळून एक, आणि अगदी शेवटची पाहुण्यांची. बेळगावच्या पावसात आषाढ-श्रावणभर त्या शेवटच्या खुंटीवर खेड्यातून आलेल्या कुणाचे तरी ओले घोंगडे निथळत असायचे. भिजलेल्या घोंगड्याचे वजन ज्याने पेलले आहे त्यालाच कळेल की खुंटी किती भक्कम लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, त्यानंतर त्या सोप्यात फार कडाक्याचे वाद झाले असे आम्ही ऐकत आलो. वाद घालणारे मराठी आणि कानडी दोन्ही असत. कोट मात्र सगळे त्याच एका खुंटीवर एकावर एक चढवीत, आणि जाताना कुणाचा कोट कुणी घातला यावरून नवा घोळ होई, असे आई हसत सांगायची.

वडील गेल्यावर त्यांचा कोट आईने काढू दिला नाही. दर शनिवारी ती त्याच्यावरची धूळ झटकायची आणि परत तिथेच अडकवायची. पुढे आई गेली, वाटण्या झाल्या, घर विकले गेले. खुंटाळे भिंतीबरोबरच गेले. माझ्या वाट्याला सोप्यातल्या फडताळाची एक सागवानी फळी आली. ती मी टिळकवाडीतल्या नव्या घरी आणून पलंगाखाली ठेवली. नव्या घरात भिंतीतच कपाटे आहेत, त्यामुळे खुंटाळ्याची उणीव कुणाला भासली नाही.

ती मला भासली सूनबाई पहिल्यांदा चार दिवस राहायला आली तेव्हा. मुलगा बेंगळुरूला नोकरीला. तिथेच दोघांचे जमले. मुलगी धारवाडची, घरची भाषा कन्नड. मला ती 'मामा' म्हणते, त्यामुळे तेवढ्या एका शब्दापुरता तरी भाषेचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. लाघवी पोर. पण चारही दिवस तिची बॅग खोलीच्या कोपऱ्यात उघडी आणि कपडे बॅगेतच. आंघोळीहून आली की टॉवेल घडी करून पुन्हा बॅगेवर. कपाटात आमचे कपडे ठासून भरलेले, आणि सासरच्या कपाटाला आपणहून हात लावायला ती धजेना. चौथ्या दिवशी बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला आणि तिचे राहणे त्या बॅगेत संपूर्ण मावले. घरात तिची म्हणून एवढीशी वस्तू मागे राहिली नाही. मला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालची फळी ओढून काढली.

"अहो, बाजारात चिकटवायचे हुक मिळतात," सौ. म्हणाली.

"पावसाळ्यात भिंतीला ओल आली की पापुद्र्यासकट खाली येतात ते."

"बरं, पण खुंट्या किती? माणसं तर आपण दोनच."

खरा प्रश्न हाच होता. फळी साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच. दोन्ही टोकांना अर्धे अंतर सोडून सहा खुंट्या बसवल्या की दोन खुंट्यांमध्ये बरोबर नऊ इंच येतात आणि कडेला साडेचार-साडेचार. चार बसवल्या तर साडेतेरा इंचांची पोकळी उरते, फळी बोडकी दिसते. मी हे गणित कागदावर मांडून दाखवले. "गणित तुमचं बरोबरच असतं," ती म्हणाली, आणि बोटे मोजू लागली. आपण दोघे, मुलगा, सून, पुण्याची मुलगी, जावई. सहा भरले. "मग पाहुण्यांनी कुठं अडकवायचं?" असे तिनेच विचारले तेव्हा मी गप्प राहिलो. पेन्शनीच्या दाराशी आलेल्या माणसाने बायकोशी गणितात फार लांबवर जाऊ नये.

फळी साठ वर्षांहून जास्त मुरलेली. अशा लाकडाला आता फुगायचे-आकसायचे फारसे उरलेले नसते. रंधा मारण्याआधी मोडके खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच फेरीत जाते. वरचा काळपट थर निघाला आणि खालून सागाचा मधासारखा रंग आला, त्याबरोबर तो वासही. खुंट्यांना मी बाभूळ घेतली. गाडीच्या चाकाला आणि औताला चालते ती बाभूळ, तिला सदऱ्याचे काय ओझे! सावंतवाडीला कातीव खुंट्या करून मिळाल्या असत्या, पण मला हातानेच करायच्या होत्या. सव्वा इंचाचे चौकोनी तुकडे, त्यांचे चारही कोपरे रंध्याने मारले की आठ पैलू येतात. मागचे इंचभर टोक पटाशीने आणि कानशीने गोल करायचे. खुंट्यांचे तुकडे मी पंधरा दिवस स्वयंपाकघरात ओट्यापाशी ठेवले होते. खुंटी फळीपेक्षा सुकी असावी. मग पावसाळी हवेत ती किंचित फुगते आणि भोकात आपोआप घट्ट बसते. उलटे झाले तर वैशाखात खुंटी हातात येते.

भोके पाडण्यासाठी गल्लीतल्या मिस्त्रींकडून गिरमिट मागून आणले. आमच्या भागात गिरमिट म्हटले की लोकांना आधी चुरमुऱ्यांचे गिरमिट आठवते. मिस्त्री कानडी, आमचे बोलणे निम्मे त्यांच्या भाषेत, निम्मे माझ्या. "सर, काय करालाय?" म्हणत ते स्वतःच बघायला आले. खुंटीला ते 'गूट' म्हणतात. भोक सरळ पाडायचे नाही, खुंटीचे तोंड थोडे वर राहील असे तिरके पाडायचे, नाहीतर कोट घसरतो. त्यासाठी मी तिरका कापलेला एक ठोकळा करून ठेवला होता. तो पाहून त्यांनी मान डोलावली, हेच माझे प्रशस्तिपत्र. खुंटीच्या मागच्या टोकाला चीर देऊन तीत पाचर मारायची असते. ही पाचर फळीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांच्या दिशेने बसवली तर तीच फळी फोडते. मिस्त्रींनी सहाही पाचरी अंगठ्याने चाचपून पाहिल्या आणि "बरोब्बर" म्हणाले.

पॉलिश चपडी लाखेचे, स्पिरिटमध्ये विरघळवून, चिंधीच्या बोळ्याने पाच हात. भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकल्या आणि त्यात तीन इंची स्क्रू पिळले. पाणसळ लावून फळी सरळ केली. उंचीवर थोडी चर्चा झाली, अखेर सौ.चा हात टाचा न उचलता जिथे पोचतो तिथे रेघ मारली.

गेल्या दिवाळीला मुलगा-सून आली. मी काही बोललो नाही, सौ.लाही बजावून ठेवले होते. चहा झाल्यावर सूनबाईने विचारले, "मामा, यातला माझा कुठला?" खुंटीचे लिंग तिने बदलले होते; कन्नडात गूट नपुंसकलिंगी, तिने त्याचे पुल्लिंग केले. मास्तराच्या जिभेवर दुरुस्ती आली होती, ती मी गिळली आणि तिसरी खुंटी दाखवली. तिने ओढणी अडकवली, मग पर्स, मग बॅगेतून काढून एक जुना स्वेटर. जाताना तो स्वेटर राहिला. मुलगा म्हणाला, विसरली असेल, पाठवून द्या. ती म्हणाली, नको, असू दे तिथेच, पुढच्या वेळी थंडीत लागेल.

पाहुण्यांचा प्रश्न मात्र राहिलाच होता, आणि तो व्याह्यांनी वाढवला. त्यांनी लेकीच्या फोनवर खुंटाळ्याचा फोटो पाहिला आणि धारवाडच्या घरासाठी आठ खुंट्यांचे एक मागितले आहे. आठ नवे बहात्तर, म्हणजे सहा फुटी फळी लागणार. एवढी लांब आणि मुरलेली फळी आता घरात नाही. रविवारी मिस्त्रींना बरोबर घेऊन खानापूरकडे एखाद्या वखारीत बघून यायचे ठरवले आहे. बाभळीचे तुकडे मी आधीच ओट्यापाशी ठेवले आहेत, आठाऐवजी दहा, दोन आमच्यासाठी.